आपल्या भाषेतला वकील

ता. ५ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

परवा तुझा फोन मी मधेच ठेवला, त्याचा राग मानू नकोस. तू बोलायच्या आधी एक बाई बोलते. सूनबाईनं तिचा अर्थ सांगितला की हे बोलणं ऐकलं जातं आणि साठवलं जातं. आता बाप मुलाला जेवलास का, पोट साफ होतं का एवढंच विचारणार. ते साठवून कोण कशाला लावणार आहे? म्हणून म्हटलं, पत्र बरं. तुमच्याकडे पत्रंही उघडतात म्हणे. उघडू देत. मराठी वाचायला त्यांना एक माणूस शोधावा लागेल आणि माझं अक्षर वाचायला दुसरा.

तुला अटकेत ठेवून घेतल्यापासून माझ्या डोक्यात एकच आहे, चुगली कोणी केली? तू दर खेपेसारखा आपल्या पायांनी त्या कचेरीत गेलास, इथे राहायच्या परवान्याची मुदत वाढवायला आणि बोटांचे ठसे द्यायला. सूनबाई बाहेर बाकावर तुझं जाकीट मांडीवर घेऊन बसली होती. तू आलाच नाहीस. एक शिपाई आला आणि तुझा पट्टा आणि बुटांच्या नाड्या पिशवीत घालून तिच्या हातात देऊन गेला. म्हणजे त्यांची तयारी होती. म्हणजे कोणीतरी आधी सांगितलं होतं.

पहिला संशय जुन्या घरमालकावर. त्याला पुतण्यासाठी आपली खोली हवी होती, म्हणून आपण बाहेर असताना त्यानं दाराला स्वतःचं कुलूप लावलं. मी खाली ठकूला घेऊन उभा, पोर तापानं फणफणलेली, औषध आत. तू वर जाऊन तारेनं कुलूप उघडलंस, बाटली घेतलीस आणि कुलूप होतं तसं परत लावलंस. जन्मभर किल्ल्या केल्या मी, पण इतका हलका हात माझाही नव्हता. आणि पोलीस काय म्हणाले? दारावर एक ओरखडा नाही, तेव्हा हा सराईत घरफोड्या. दगड घालून फोडलं असतंस तर रागावलेला बाप म्हणून सोडून दिलं असतं! त्या खटल्यात तू कबुली दिलीस, प्रकरण मिटलं, आपण घर बदललं. पण तो माणूस डूख धरणारा आहे.

दुसरा संशय समोरच्या कुत्रावालीवर. तिचं कुत्रं माझ्यावरच भुंकतं, आणि कुत्रं मालकिणीच्या मनातलं बोलतं. तिसरा, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसावर. त्यानं मीटर पाहिलं थोडं आणि मला पाहिलं फार. माझं तर तुला ठाऊकच आहे. तुझी आई गेल्यावर पाहुणा म्हणून आलो, कागद संपला, पाहुणा राहिला. हल्ली दार वाजलं की मी दिवा मालवतो, दिवसाढवळ्यासुद्धा.

आणखी एक. सूनबाई फोन घेऊन न्हाणीघरात जाते आणि नळ सोडून बोलते. मी काही म्हणत नाही. फक्त लिहून ठेवतो.

ठकूला सांगितलंय की बाबा दूर कामाला गेलाय. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ती माझीच नात आहे याची खात्री पटली. 

तू काळजी करू नकोस, ती मी इथे दोघांपुरती करतो आहे. लोभ आहेच. तो कमी झाला असं कोणी सांगितलं तर तो सांगणाराच खोटा समज.

तुझा,
बाबा


ता. १३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकीट उघडून परत चिकटवलेलं होतं. इथल्या शिपायानं मला विचारलं की ही कोणती भाषा. मी सांगितलं. त्यानं कागद सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला आणि देऊन टाकला. तुमचं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं.

बाबा, चुगली कोणी केली नाही. कुत्रावालीला आणि तिच्या कुत्र्याला सोडून द्या. चुगली माझ्या बोटांनी केली. ठसे घेतले, कॉम्प्युटरनं जुना खटला काढून दिला, संपलं. त्या वेळी शिक्षा झाली होती एक वर्षाची, पण स्थगित. म्हणजे नीट वागलो तर भोगायची नाही. एक दिवस तुरुंगात गेलो नाही, म्हणून आपण ती विसरलो. पण इमिग्रेशनवाल्यांचा कायदा किती भोगली ते बघत नाही, किती लिहिली ते बघतो. घरफोडी आणि वर एक वर्षाची शिक्षा, की त्यांच्या हिशेबी तो भारी गुन्हा. मग बायको आहे, मुलगी इथे जन्मली आहे, काम आहे, यातलं काहीही ऐकून घ्यायची त्यांच्या जजला मुभा नाही. फौजदारी कोर्टानं जा घरी म्हटलं होतं, आता दुसरं कोर्ट म्हणतंय जा देशाबाहेर, आणि परत येऊ नकोस.

सुटायची एकच वाट आहे. तुमच्या सूनबाईनं नवी वकीलबाई गाठली आहे. ती म्हणते की जुन्या फौजदारी कोर्टात परत जायचं आणि सांगायचं की या कबुलीनं परवान्याचं काय होईल हे माझ्या वकिलानं मला सांगितलंच नव्हतं. ते आधी सांगणं वकिलाला कायद्यानं भाग असतं. जजनं मानलं तर कबुली रद्द. मग मूळ खटला पुन्हा उभा राहतो, आणि तो हरलो तर खरोखरचा तुरुंग. मी म्हटलं चालेल. तुरुंगातून माणूस घरी येतो. तिकडून येता येणार नाही. ठकूनं माझ्याबरोबर यायचं की आईजवळ राहायचं, हा प्रश्न मला तिच्या आईला कधी विचारावा लागू नये, एवढंच मागणं आहे.

तुम्हाला एक विचारू? तुम्ही भाजीवाल्याचा काटा स्वतः तपासता. हवामानाच्या बातमीवर तुमचा विश्वास नाही, बँकेवर नाही, डॉक्टरच्या थर्मामीटरवर नाही. जन्मात एका माणसावर डोळे मिटून भरवसा टाकलात, तो आपल्या भाषेत बोलतो म्हणून, आणि तो नेमका हा वकील निघावा! रागावू नका. मीही टाकलाच की.

इथे दिवे कधी विझत नाहीत. टीव्हीवर दिवसभर स्वयंपाकाचा कार्यक्रम चालतो आणि आम्ही सगळे पाणचट सूप पुढ्यात घेऊन तो बघतो. माझ्या वरच्या खाटेवरचा गवंडी झोपेत भिंती बांधतो, हात चालू असतात. बाकी ठीक.

न्हाणीघराचं मी तिला विचारीन. तुम्ही विचारू नका.

आशीर्वादाची गरज नेहमीपेक्षा जास्त आहे, तेवढा द्यावा.

आपला,
खटपट्या


ता. २१ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,

आशीर्वाद. या वेळी दुप्पट.

सूनबाईबरोबर तुझ्या वकीलबाईकडे जाऊन आलो. दातांच्या दवाखान्याच्या वर तिची खोली आहे. खालून दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज येतो आणि वर ही बाई सफरचंद खात बोलते. कोपऱ्यात एक झाड होतं. मी पान चिमटून पाहिलं, प्लास्टिकचं. ज्याच्या खोलीतलं झाड खोटं त्याचं बोलणं खरं कशावरून धरायचं?

तिनं सूनबाईकरवी मला विचारलं की कबुलीच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात तो वकील काय म्हणाला होता. मी म्हटलं, आठवत नाही. खोटं सांगितलं. मला शब्द न् शब्द आठवतो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की काका, सगळे असंच करतात, एक सही केली की संध्याकाळी मुलगा घरी जेवायला. तू परवान्याचं विचारलंस. तो म्हणाला की कागदपत्रांना धक्का लागत नाही, मी आहे ना. मग त्यानं मला माझ्या गावाकडचं विचारलं आणि मी पाघळलो. इतक्या दिवसांनी परक्या माणसाच्या तोंडून काका ऐकलं होतं.

हे मी वकीलबाईला का सांगितलं नाही? कारण ती उठून थेट विचारते. भलं करणारा माणूस एवढ्या घाईत नसतो. शिवाय आपलं बोलणं एकदा दुसऱ्याच्या फायलीत गेलं की ते आपलं राहत नाही.

मग मी एक केलं, सूनबाईला न सांगता. मी त्याच्याकडेच गेलो, आपल्या वकिलाकडे. म्हटलं, काही गैरसमज असेल, तो आपला माणूस आहे, निस्तरील. नवीन कचेरी आहे, गुबगुबीत खुर्च्या. चहा पाजला. म्हणाला की त्यानं आपल्याला तेव्हा सगळं समजावून सांगितलं होतं, तुझी तशी सहीसुद्धा एका छापील कागदावर आहे, आणि मुलं अडचणीत आली की असं वकिलावर ढकलतात. निघताना त्यानं दारापर्यंत सोडलं आणि फार मायेनं विचारलं की काका, तुमचे स्वतःचे कागद कसे आहेत, या वयात तुम्ही कोर्टाच्या चकरा मारणं बरं नाही.

जिना उतरेपर्यंत मला वाटत होतं की त्यानं काळजीनं विचारलं. रस्त्यावर आलो आणि त्या प्रश्नाचा दुसरा अर्थ दिसला. बसथांब्याच्या बाकावर बसून राहिलो, दोन बसेस सोडल्या.

खटपट्या, माझे कागद संपलेत हे त्याला कोणी सांगितलं? मी तर नाही. की त्यानं नुसता खडा टाकून पाहिला आणि माझ्या तोंडावर त्याला उत्तर मिळालं?

उत्तर लवकर धाड. आणि सूप संपवत जा, पाणचट असलं तरी.

चिंतातुर,
बाबा


ता. २ मार्च

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आपण त्या वकिलाकडे गेलात हे वाचून वाईट वाटलं, पण आपला हेतू चांगला होता. आता कृपा करून पुन्हा जाऊ नका.

आनंदाची बातमी अशी की आपल्या साक्षीची आता गरज उरलेली नाही. वकीलबाईंनी दुसरा मार्ग काढला आहे. सुनावणी वीस मार्चला आहे, पण त्या दिवशी आपण घरीच राहावं. हल्ली इमिग्रेशनवाले साध्या कपड्यांत कोर्टाच्या व्हरांड्यात उभे असतात आणि आत साक्षीला आलेल्यांनाही उचलतात, असं इथले लोक सांगतात. आपण ठकूला शाळेतून आणा, वेळेवर जेवा, दुपारी थोडं पडा. आपण घरी सुखरूप आहात एवढं समजलं की मला इथे बळ येतं.

प्रकृतीस जपावे. माझी चिंता नसावी.

आपला आज्ञाधारक,
खटपट्या


ता. ९ मार्च

चि. खटपट्यास,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच संशय आला. अख्ख्या पत्रात तू मला एकदाही चिडवलं नाहीस. अक्षराला नाही, प्लास्टिकच्या झाडाला नाही. वर आज्ञाधारक! लहानपणी माझी कानस चोरून विटीला टोक काढलंस, त्या दिवशीही तू असाच आज्ञाधारक झाला होतास.

रात्रीची भांडी घासून झाल्यावर मी सूनबाईला समोर बसवलं. म्हटलं, नळ सोडून तू कोणाशी बोलतेस ते आज सांग. मी काय काय मनात आणलं होतं ते लिहीत नाही, म्हाताऱ्याची अक्कल समज. ती आधी रागावली, मग रडली, मग तिनं सांगितलं. ती वकीलबाईशीच बोलते. सगळं माझ्या साक्षीवर अडलंय हे मला कळू द्यायचं नाही असं तुम्ही दोघांनी ठरवलं होतं. दुसरा मार्गबिर्ग काही नाही. व्हरांड्यातलं बोलणं मराठीत झालं, आजूबाजूला शंभर माणसं असून कोणाला कळलं नाही. सूनबाई तेव्हा घरी ठकूजवळ होती. त्यामुळे एकीकडे वकिलाचा छापील कागद, दुसरीकडे नुसता तुझा शब्द, आणि तू तर सुटायला धडपडणारा आरोपी. ऐकणारा तिसरा माणूस एकच, मी.

म्हणून काल सूनबाईला घेऊन पुन्हा त्या दातांच्या दवाखान्यावर चढलो. वकीलबाईला विचारलं की मी साक्षीला आलो तर मला पकडणार नाहीत याची खात्री देतेस का. ती म्हणाली की देत नाही. सरकारी वकील माझ्या कागदांचं विचारू शकतो, त्यावर गप्प राहायचा हक्क मला आहे, पण व्हरांड्यात काय होईल ते तिच्या हातात नाही. आणि यायचं की नाही ते मी ठरवायचं, ती मला एका शब्दानं ढकलणार नाही. खरं सांगतो, ती बाई मला पहिल्यांदाच बरी वाटली. खात्री देणारा वकील आपण एकदा करून पाहिलाय.

मग तिला सगळं सांगितलं, काका म्हटल्यापासून सहीपर्यंत. तिनं सफरचंद बाजूला ठेवलं होतं.

अजून मी काही ठरवलेलं नाही. मला भीती वाटते, ते लपवत नाही. परत पाठवलं तर तिकडे आता माझं कोण आहे? एक धाकटा भाऊ, तुझा काका, त्याला माझी आठवण फक्त वाटणीच्या वेळी होते. इथे निदान सकाळी कोणीतरी माझ्या चहात साखर जास्त झाली म्हणून ओरडतं. रात्री मी एकदा म्हणतो जायचं, एकदा म्हणतो नाही, आणि दोन्ही खेपेला मलाच मी खोटा वाटतो.

तू नको म्हणून पत्र लिहिशील. लिही. टपालाचा हिशेब करूनच हे आज टाकतोय. तुझं उत्तर यायच्या आत वीस तारीख उजाडेल.

माया आहे तशीच आहे, ती विचारून कमी-जास्त होत नाही.

बाबा


ता. २३ मार्च

अहो ठकूचे बाबा,

सप्रेम नमस्कार.

वकीलबाईंनी तुम्हाला फोनवर निकाल सांगितलाच आहे. तुम्हाला व्हिडिओवर हजर करणार होते, पण पडद्यावर सगळा वेळ रिकामी खुर्ची दिसत होती. तुम्हाला कॅमेऱ्यापुढे आणायला माणूस नव्हता की यंत्र बंद होतं, कोणी धड सांगितलं नाही. तेव्हा तुम्ही जे पाहिलं नाहीत ते लिहिते. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

त्या सकाळी मी कपडे करून बाहेर आले तर बाबा दारात तयार उभे. त्यांनी दाढी केली होती आणि दोन ठिकाणी कापून घेतलं होतं. मी कापूस लावला आणि आम्ही निघालो. बसमध्ये एवढंच म्हणाले की ड्रायव्हर फार हळू चालवतोय, काहीतरी काळंबेरं आहे.

कोर्टाच्या व्हरांड्यात ते प्रत्येकाचे बूट बघत बसले. मला हळूच सांगितलं की साध्या कपड्यातला पोलीस शर्ट बदलतो, पण बूट बदलत नाही. खिडकीपाशी दोघे उभे होते, त्यांच्याकडे हनुवटी करून म्हणाले की ते बघ. मी म्हटलं, आपण परत जाऊ या. ते म्हणाले की आता उठलो तर त्यांची खात्रीच होईल.

आत दुभाषा नव्हता, भिंतीतल्या स्पीकरमधून त्याचा आवाज येत होता. बाबांनी शपथ घ्यायच्या आधी त्या आवाजालाच विचारलं की तू कुठून बोलतोस आणि तुला पगार कोण देतं. त्यानं ते इमानानं जजसाहेबांना भाषांतर करून सांगितलं. जजसाहेब खाली बघून हसले, आणि मला वाटलं, चला, निम्मं झालं. मग बाबांनी व्हरांड्यातलं सगळं सांगितलं. तो वकील मागे बसला होता. बाबा त्याच्याकडे न बघता बोलले, फक्त काका या शब्दापाशी एकदा वळले.

मग सरकारी वकील उठला. त्यानं पहिलाच प्रश्न हा टाकला की आजोबा, तुम्ही या देशात कोणत्या कागदावर राहता. वकीलबाई ताडकन उठल्या. जजसाहेबांनीही बाबांना स्वतः सांगितलं की याचं उत्तर द्यायची तुमच्यावर सक्ती नाही. आवाजानं ते मराठीत सांगितलं. बाबा बराच वेळ जजसाहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होते, गप्प राहा, गप्प राहा. आणि ते बोलले. म्हणाले की कागद संपलाय, केव्हाच. दार वाजलं की दिवा मालवतो. चार वर्षं मागच्या रस्त्यानं फिरलो, आज पुढच्या दारानं आलो कारण मुलाची गोष्ट खरी आहे.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. दुसरा प्रश्न सरकारी वकिलानं विचारलाच नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर जजसाहेबांनी कबुली रद्द केली. म्हणाले की वृद्ध साक्षीदारानं स्वतःचं नुकसान करणारं सत्य लपवलं नाही, तेव्हा बाकीचंही मी खरं धरतो. सरकारी वकिलानं तिथेच नवी तडजोड पुढे केली, घरफोडी सोडून परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरल्याचा किरकोळ गुन्हा आणि दंड. मी हो म्हणायला तोंड उघडलं तर वकीलबाईंनी माझा हात दाबला. परवान्यावर याचा काय परिणाम होईल ते आधी तपासते, मगच बोलू, म्हणाल्या. ते आता तपासून झालंय, काही धोका नाही. तुम्ही येताय.

व्हरांड्यात तेच दोघे पुढे आले. तेच बूट. बाबांनी धावाधाव केली नाही. चष्म्याचं घर आणि रक्तदाबाच्या गोळ्या खिशात आहेत का ते चाचपलं, मला म्हणाले की शाळा सुटायची वेळ झाली, तू निघ. आणि निघाले. बेड्या घातल्या तेव्हा ते त्या कुलपाकडे वाकून बघत होते.

मी त्यांना आणायला नको होतं. पण मी त्यांना आणलं नाही, त्यांनी मला आणलं.

लवकर या. घरात फार मोकळं मोकळं झालंय.

तुमची,
ठकूची आई


ता. ३ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी घरी तुमच्या खाटेवर बसून लिहितोय. सुटलो. खटला मिटला, दंड भरला, परवान्याचा अर्ज पुन्हा चालू झाला. कारखान्यात मालकानं काही न विचारता माझा हातोडा माझ्या हातात दिला. ठकू मला चिकटून झोपते आणि झोपेत शर्ट मुठीत धरते. हे सगळं तुम्हाला सांगायचं होतं आणि सांगताना मला तुमचा राग येतोय.

कशाला बोललात? वकीलबाईंनी सांगितलं होतं, जजनं सांगितलं, भिंतीनंसुद्धा सांगितलं की गप्प राहा. जन्मभर शेजाऱ्याला आपलं वय न सांगणारा माणूस, आणि भर कोर्टात सगळं सांगून मोकळा झालात. मला आता तुमचाच संशय येतो. तुम्हाला इथे कंटाळा आला होता का? आम्ही काही कमी केलं का? माझ्यासाठी स्वतःला असं देऊन टाकायचं असेल तर ते मला विचारलं का नाही?

तुम्हाला ठेवलंय तिथे मी भेटायला आलो होतो. आत नाही. वकीलबाईंनी बजावलंय की नवा परवाना हातात पडेपर्यंत त्या दाराजवळ फिरकायचं नाही. मी समोरच्या पेट्रोल पंपावर उभा राहून खिडक्या बघत होतो. कोणती तुमची कळेना.

त्या म्हणतात, दोन वाटा आहेत. लढायचं, म्हणजे कित्येक महिने आत, आणि जिंकायची आशा थोडी. नाहीतर आपण होऊन परत जायचं, म्हणजे पुढेमागे मुलाच्या नावावर रीतसर यायला दार अगदीच बंद होत नाही. मी म्हणतो, लढा. मी इथे आहे. उत्तर पाठवा आणि या वेळी खरं लिहा.

तुमचा,
खटपट्या


ता. ११ एप्रिल

चि. खटपट्यास,

अनेक आशीर्वाद. पत्रात चिडलास, चिडवलंस, म्हणजे तूच लिहिलंस यात शंका नाही.

का बोललो ते सांगतो. मी जन्मभर लोकांवर संशय घेतला, त्यामुळे संशय घेणाऱ्याचं तोंड कसं दिसतं ते मला आरशामुळे पाठ आहे. त्या सरकारी वकिलानं प्रश्न टाकला आणि जजसाहेबांचं तोंड तसं झालं. त्यांनी कायद्यानं मला गप्प राहा म्हटलं, पण डोळे म्हणत होते की म्हातारा काहीतरी लपवतोय. गप्प राहायचा हक्क होता, कबूल. पण हक्कानं गप्प बसलेल्या माणसावर मी स्वतः कधी विश्वास ठेवला नसता. मग त्यांनी का ठेवावा? आणि तिथे विश्वास ठेवायला माझ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. तेवढंच डोक्यात होतं. तुला देऊन टाकलं, त्याग केला, असलं काही मोठं मनात नव्हतं. वेळच नव्हता.

कंटाळा आला होता का विचारतोस. नाही रे. शाळेच्या फाटकापाशी उभं राहायचं आणि शंभर पोरांतून आपलं पोर ओळखून काढायचं, याच्याइतकं चांगलं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं. मला जायचं नव्हतं. खरं लिही म्हणालास म्हणून हे लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं.

पण मी लढणार नाही. इथे एक सुतार आहे, माझ्यापेक्षा लहान, दीड वर्ष लढतोय. त्याची मुलगी दर आठवड्याला काचेपलीकडून त्याला तोंड दाखवते आणि बाकीचा आठवडा तो त्या तोंडाचा विचार करून वाळतो. ठकूनं मला काचेतून बघितलेलं मला चालणार नाही. शिवाय मी आत असेपर्यंत तू त्या पेट्रोल पंपावर येऊन उभा राहणार, मला तू ठाऊक आहेस. कोणीतरी तुझ्याकडे बघेल. आता तुझ्याकडे कोणी बघायला नको.

वकीलबाई काल येऊन गेली. जायच्या कागदावर सही करायची होती. मी तिला तो दुभाष्याकरवी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावला, मग मधल्या पानावर शंका आली म्हणून पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्या वेळी ती चिडली. चिडली म्हणून सही केली. गोड बोलली असती तर केली नसती.

तुझ्या काकाला कळवलंय. त्याचं उत्तर लगेच आलं, मागची खोली झाडून ठेवतो, दादा तू कधीही ये. एवढा गोडवा? बघतो त्याला काय हवंय. काही नको असेल तर तेही बघतो. मोडक्या कुलपांची कामं तिकडेही असतील.

सूनबाईला सांग, चहात साखर मी मुद्दाम जास्त घालत होतो. ती ओरडल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे. आणि तिच्या नळाबद्दल मी जे मनात आणलं त्याचं काय ते तिला तूच तुझ्या पद्धतीनं सांग, मला जमणार नाही.

विमान मंगळवारी आहे म्हणतात. खरं किती ते तेच जाणोत, इथे मंगळवार म्हणून गुरुवारी नेतात. तू विमानतळावर येऊ नकोस. मला कुठे नेलं, कसं नेलं, पोचलो की नाही, याबद्दल कोणी फोन करून काही सांगितलं, अगदी आपल्या भाषेत सांगितलं, तरी खरं मानू नकोस. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरातलं पत्र येईल, तेवढ्यावरच विश्वास ठेव. तोवर उत्तराचे कागद तयार ठेवा, त्यातला एक ठकूचा.

बाबा